पश्चिम आशियाचा अभ्यास : पदवीला नेमकं काय शिकवतात?

आखातात काही घडलं की सीमाभागातल्या, गोव्यातल्या, हैदराबादेतल्या कितीतरी घरांतून आधी फोन लावला जातो आणि मग टीव्ही. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची बहीण मस्कतला नर्स, कुणाचा मेहुणा कुवेतमध्ये फोरमन. आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. एवढं येणं-जाणं असूनही या प्रदेशाबद्दलचं बोलणं 'शिया-सुन्नींचं भांडण' आणि 'तेलाचा पैसा' या दोन गोष्टींपुढं फारसं सरकत नाही.

जगातल्या अनेक विद्यापीठांत मात्र हा प्रदेश पदवीचा स्वतंत्र विषय आहे. तिथली भाषा, इतिहास, धर्म, राजकारण आणि साहित्य एकाच अभ्यासक्रमात शिकवलं जातं. अशा शिक्षणाला 'क्षेत्र अभ्यास' म्हणतात. पश्चिम आशियाच्या पदवीत काय असतं, हा विषय आला कुठून, भारतात तो कुठं शिकता येतो आणि प्रवेशाआधी काय तपासावं, याची ही माहिती.

नाव आणि हद्द

'मध्यपूर्व' हे नाव तिथल्या लोकांनी दिलेलं नाही. युरोपातून पाहिलं की हा भाग पूर्वेला पडतो. अमेरिकी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांच्या १९०२ मधल्या लेखानंतर हे नाव रुळलं. भारतातून पाहिलं तर हाच भाग पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सरकारी आणि विद्यापीठीय भाषेत 'पश्चिम आशिया' म्हणतात. इजिप्त, लिबिया, मोरोक्को हे देश आफ्रिकेत असल्यामुळं 'पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका' असं जोडनावही वापरलं जातं.

हा सगळा प्रदेश अरब आहे, ही पहिली चुकीची समजूत. १९४५ साली स्थापन झालेल्या अरब लीगचे आज २२ सदस्य आहेत. इराण, तुर्कस्तान आणि इस्रायल त्यात नाहीत. इराणची मुख्य भाषा फारसी, तुर्कस्तानची तुर्की, इस्रायलची हिब्रू. कुर्दांची भाषा आणखी वेगळी, आणि ते तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया अशा चार देशांत विभागलेले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयातही आखाती देशांचं काम एका विभागाकडं, तर इराणचं काम पाकिस्तान-अफगाणिस्तानबरोबर दुसऱ्याच विभागाकडं असतं. थोडक्यात, या प्रदेशाची हद्द कुठं आखायची हाच अभ्यासाचा पहिला प्रश्न. नकाशावर रेघ कुणी मारली, कधी मारली आणि तिच्या अलीकडं-पलीकडं कोण राहिलं, या प्रश्नाचं वजन सीमाभागातल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

हा विषय आला कुठून?

युरोपात अरबी शिकवायला सुरुवात झाली ती धर्मग्रंथ, वैद्यक आणि व्यापार यांसाठी. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात १६१३ साली अरबीच्या प्राध्यापकाची नेमणूक झाली. ऑक्सफर्डमध्ये १६३६ साली अरबीचं अध्यासन आलं. पुढं साम्राज्यं वाढली तशी गरजही बदलली. लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज'ला १९१६ साली सनद मिळाली आणि १९१७ पासून तिथं वर्ग सुरू झाले. आशियात जाणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना तिथल्या भाषा-रीती शिकवणं हा तिचा एक मोठा उद्देश होता. हीच संस्था आज 'सोॲस' नावानं ओळखली जाते.

अमेरिकेत या विषयाला बळ मिळालं ते शीतयुद्धात. १९५७ साली रशियानं स्पुटनिक उपग्रह सोडला आणि १९५८ साली अमेरिकेनं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यातून परदेशी भाषा आणि क्षेत्र अभ्यासाच्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातच 'संरक्षण' आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

म्हणजे ज्यांच्यावर राज्य करायचं किंवा ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांची माहिती, असा या विद्येचा जुना पाया. त्यावर सर्वात गाजलेली टीका केली ती जेरुसलेममध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी-अमेरिकी प्राध्यापक एडवर्ड सईद यांनी. त्यांचं 'ओरिएंटॅलिझम' हे पुस्तक १९७८ साली आलं. पश्चिमेच्या लेखनात 'पूर्व' हा कायम मागास, गूढ, न बदलणारा म्हणून रंगवला गेला आणि ते चित्र सत्तेच्या कामी आलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यावरही टीका झाली, आजही होते. पण त्यानंतर 'ही माहिती कुणी, कुणासाठी गोळा केली?' हा प्रश्न टाळून हा विषय शिकवता येत नाही.

भारतात सुरुवात वेगळ्या गरजेतून झाली. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र धोरणासाठी आपल्या माणसांचा आपला अभ्यास हवा होता. १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झालं. १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, विलीन झालं. तिथलं पश्चिम आशिया केंद्र त्याच परंपरेतलं.

भाषा : सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो

या पदवीचा कणा म्हणजे भाषा. बहुतेक ठिकाणी अरबी, फारसी, तुर्की किंवा हिब्रू यांपैकी एक घ्यावी लागते. अरबी सोपी नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशेबानं इंग्रजी येणाऱ्याला स्पॅनिशसाठी सुमारे ३० आठवडे लागतात, फारसी-तुर्की-हिब्रूसाठी ४४ आणि अरबीसाठी ८८ आठवडे, तेही पूर्णवेळ.

अडचण लिपीची नाही. २८ अक्षरं काही आठवड्यांत येतात. खरी अडचण अशी, की अरबी एक नाही. वर्तमानपत्र, बातम्या, करार, भाषणं प्रमाण अरबीत असतात. तिला 'फुस्हा' म्हणतात. बाजारात, घरात, टॅक्सीत मात्र कैरोची, बैरूतची, बगदादची, रबातची बोली वेगळी. मोरोक्कोची बोली आखातातल्या माणसालाही पटकन कळत नाही. म्हणून फक्त पुस्तकी अरबी शिकलेला विद्यार्थी वर्तमानपत्र वाचतो, पण भाजी विकत घेताना अडतो.

मराठी विद्यार्थ्याला इथं एक गंमत सापडते. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळापासून तयार होतात. ह-क-म या मुळापासून हुकूम, हाकीम, हुकूमत. द-ख-ल या मुळापासून दाखल, दखल, दाखला. हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि इतके मुरले की परके वाटतच नाहीत. जिल्हा, तालुका, कायदा, तारीख, हद्द यांची मुळंही अरबीच. शिवकाळात तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त अशाच फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले होते. त्यातले काही टिकले, पण कचेरीची भाषा बऱ्याच अंशी तशीच राहिली.

ओळखीचा शब्द फसवतोही. 'वकील' म्हणजे अरबीत प्रतिनिधी, मुखत्यार. कोर्टात बाजू मांडणाऱ्याला तिथं 'मुहामी' म्हणतात. पेशव्यांचे दरबारोदरबारी राहणारे वकील आठवले तर मराठीतला जुना अर्थ अरबीच्या जास्त जवळचा होता, हे ध्यानात येतं.

इतिहास : तीन आश्वासनं आणि एक जमीन

इतिहासाच्या तासांत इस्लामचा उदय, अब्बासी खिलाफत, सफवी इराण हे सगळं येतं. पण आजच्या बातम्या समजायला लागतो तो उस्मानी साम्राज्याचा शेवट. सीरिया आणि इजिप्त १५१६-१७ मध्ये उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेले. पहिल्या महायुद्धात हे साम्राज्य कोसळलं. त्या चार वर्षांत ब्रिटननं तीन गोष्टी केल्या. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेन यांना पत्रांतून अरब राज्याची आशा दाखवली. मे १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर सायक्स-पिको करार करून तोच प्रदेश गुपचूप वाटून घेतला. नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्यातून पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला. हे तिन्ही कागद समोर ठेवून वाचणं आणि कोणता शब्द मुद्दाम मोघम ठेवला ते शोधणं, हा या अभ्यासातला नेहमीचा धडा.

या युद्धाशी मराठी माणसाचा थेट संबंध आहे. इराकमधल्या कूत शहरात डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीनं खंगलेल्या या फौजेनं शरणागती पत्करली. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या इतिहासात मेसोपोटेमियाचं नाव येतं ते असं. मात्र सायक्स-पिको शिकवताना या शिपायांचा उल्लेख क्वचितच होतो.

पुढचे टप्पे : १९२३ तुर्की प्रजासत्ताक, १९२४ खिलाफत बरखास्त, १९३२ सौदी अरेबियाची स्थापना, १९३८ तिथं तेलाचा मोठा साठा, १९४८ इस्रायलची स्थापना आणि पॅलेस्टिनींचं विस्थापन, १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध, १९७३ ची तेलबंदी, १९७९ ची इराणी क्रांती, २००३ चं इराक युद्ध, २०११ चे अरब उठाव.

धर्म : आहे तितकाच, जास्त नाही आणि कमीही नाही

मुहंमद पैगंबर यांच्या निधनानंतर, म्हणजे इसवी सन ६३२ नंतर, नेतृत्व कुणाकडं जावं यावरून सुन्नी-शिया फाट्याची सुरुवात झाली. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पदवीच्या वर्गात त्यापुढं जावं लागतं. ओमानमधला इबादी पंथ सुन्नीही नाही आणि शियाही नाही. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती आहेत, लेबनॉनमध्ये मॅरोनाइट ख्रिस्ती आणि द्रूझ, इराकमध्ये यझिदी. इराणच्या संसदेत ज्यू, पारशी आणि आर्मेनियन-असिरियन ख्रिस्ती यांच्यासाठी मिळून पाच राखीव जागा आहेत.

धर्मानं सगळं समजतं असं मानलं की गाडी कशी घसरते, याचं ठळक उदाहरण म्हणजे १९८० ते १९८८ चं इराण-इराक युद्ध. इराकच्या फौजेतले बरेचसे शिपाई शिया होते आणि ते शिया इराणविरुद्ध आठ वर्षं लढले. तिथं देश, भाषा, सक्तीची भरती आणि हुकूमशाहीची भीती पंथापेक्षा भारी ठरली. शियांच्या आतही एकमत नाही. धर्मशास्त्र्यानंच राज्य चालवावं हा खोमेनींचा सिद्धांत इराणनं स्वीकारला. इराकच्या नजफमधल्या परंपरेत मात्र मोठ्या धर्मगुरूंनी प्रत्यक्ष राज्यकारभारापासून लांब राहावं, असं मानणारे बरेच.

उलट बाजूही खरी आहे. 'धर्म हे फक्त निमित्त, खरं कारण तेल' असं म्हणून मोकळं होणाऱ्याला १९७९ ची इराणी क्रांती कळत नाही. मशिदी, मुहर्रमच्या मिरवणुका, कॅसेटवरची प्रवचनं यांतून ती उभी राहिली होती. चांगल्या अभ्यासक्रमाची ओळख हीच, की तो एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडायला जात नाही.

राजकारण : कागदावर आणि प्रत्यक्षात

लेबनॉन हा वर्गात हमखास येणारा देश. १९४३ च्या अलिखित राष्ट्रीय करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया, अशी वाटणी ठरली. संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम जागांचं प्रमाण ६ ला ५ होतं, त्याला आधार १९३२ च्या जनगणनेचा. त्यानंतर तिथं अधिकृत जनगणना झालेलीच नाही, कारण आकडे बदलले तर खुर्च्यांचा हिशेब बदलेल. १९७५ ते १९९० यादवी झाली. १९८९ च्या ताइफ करारानं जागा समसमान केल्या, आणि १२८ जागांची आजची संसद त्याच सूत्रावर चालते.

इराणमध्ये निवडणुका होतात, पण उमेदवारांची छाननी १२ जणांचं पालक मंडळ करतं आणि सगळ्यांच्या वर सर्वोच्च नेता असतो. आखातातल्या राजेशाह्यांचं गणित आणखी निराळं.

तिथल्या भारतीय कामगाराला रोज भिडणारं राजकारण म्हणजे 'कफाला'. परदेशी माणसाचा व्हिसा आणि कामाचा हक्क एका स्थानिक मालकाशी बांधून ठेवणारी ही पद्धत. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली, इतर देशांतही कमी-जास्त बदल झाले. पण पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न अजूनही तपासावा लागतो.

संस्कृती : कादंबरी, गाणं, सिनेमा

नुसतं राजकारण शिकलं तर माणसं दिसत नाहीत. म्हणून कैरोच्या गल्ल्यांवर लिहिणारे नगीब महफूज वाचले जातात. १९८८ चं नोबेल मिळवणारे ते अरबीतले पहिले लेखक. तुर्कस्तानचे ओरहान पामुक, पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश, इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी आणि १९७५ साली वारलेली, पण अजून रेडिओवर वाजणारी इजिप्तची गायिका उम्म कुल्सूम, हे सगळे अभ्यासक्रमात येतात.

इथं एक धागा कोकणापर्यंत पोचतो. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. तिथं लग्नाच्या नोंदणीवेळी त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका घेतली गेली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेनं त्यांना इतर ज्यूंच्या बरोबरीचं मानावं, असा ठराव केला. धर्म, राज्य आणि ओळख यांचा गुंता समजून घ्यायला मराठी विद्यार्थ्याला याहून जवळचं उदाहरण नाही. उलट दिशेचाही प्रवास आहे. हैदराबादच्या बारकस भागात निजामाच्या फौजेत आलेल्या येमेनी अरबांचे वंशज राहतात. बडोद्याला गायकवाडांच्या पदरी अरब शिबंदी होती. होर्मुझ १६२२ पर्यंत आणि मस्कत १६५० पर्यंत पोर्तुगीजांकडं होतं, आणि त्यांचा कारभार गोव्याशी बांधलेला होता.

परदेशातलं वर्ष

ब्रिटनमध्ये अरबीची पदवी बहुधा चार वर्षांची असते आणि त्यातलं एक वर्ष अरब देशात काढावं लागतं. २०११ पर्यंत विद्यार्थ्यांची आवडती जागा दमास्कस होती. यादवी सुरू झाली आणि ती वाट बंद पडली. मग अम्मान, रबात, मस्कत ही नावं पुढं आली. हे वर्ष नुसतं सहलीचं नसतं. २०१६ साली कैरोत कामगार संघटनांवर संशोधन करणाऱ्या जुलिओ रेजेनी या इटालियन संशोधकाची हत्या झाली. तेव्हापासून 'विद्यार्थ्याला कुठं आणि कोणत्या विषयावर पाठवायचं' हा प्रश्न विद्यापीठं जास्त गांभीर्यानं घेऊ लागली.

भारतात कुठं?

भारतात पदवीच्या पातळीवर मुख्यतः भाषाच मिळते आणि प्रदेशाचा सखोल अभ्यास एमएपासून सुरू होतो. जेएनयूत अरबी, फारसीची बीए ऑनर्स आहे आणि बारावीनंतर प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका अभ्यासाचा विभाग आहे. दिल्लीच्या जामिया मिलियातही पश्चिम आशियाचं केंद्र आहे. आपल्या जवळ पाहिलं तर हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात अरबी शिकता येते. उस्मानिया आणि मुंबई विद्यापीठांत अरबी-फारसीचे विभाग आहेत.

त्यामुळं बेळगाव, निपाणी किंवा मडगावच्या मुला-मुलींसाठी व्यवहार्य वाट अशी : राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बीए, बरोबर पहिल्या वर्षापासून एक भाषा, आणि मग एमए. भाषा एमएपर्यंत पुढं ढकलली तर उशीर होतो.

पुढं काय?

या पदवीनंतर कॅम्पसमध्ये रांगेनं नोकऱ्या मिळत नाहीत, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं. वाटा आहेत : अनुवाद, दुभाषी, पत्रकारिता, वैद्यकीय पर्यटनातली रुग्णालयं, आखाताशी व्यापार करणाऱ्या कंपन्या, संशोधन, अध्यापन. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्यांना एक परदेशी भाषा शिकावीच लागते आणि त्यांत अरबी, फारसीही असतात. फारसी येणाऱ्यासाठी मराठ्यांच्या इतिहासाचं दालनही उघडतं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनांतून केवढं काम केलं, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे.

आणखी एक गरज कमी बोलली जाते. सौदी अरेबियात नोकरीचा करार दोन भाषांत असेल आणि मजकुरात फरक निघाला, तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. सही करणाऱ्यानं वाचलेला असतो इंग्रजी. १९९० साली कुवेतवर इराकचा हल्ला झाला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानानं परत आणावं लागलं. ज्या गावांतून इतकी माणसं तिकडं जातात, तिथं अरबी कागद वाचता येणारा आणि तिथल्या कायद्याची रीत समजणारा एक तरी पदवीधर असणं ही चैन नाही.

प्रवेशाआधी विचारावेत असे प्रश्न

- आठवड्याला भाषेचे तास किती? रोज एक तासही नसेल तर तीन वर्षांत वाचता येण्याइतकी अरबी येणार नाही.
- प्रमाण भाषेबरोबर एखादी बोली शिकवतात का?
- शेवटच्या वर्षी मूळ भाषेतले कागद, बातम्या, कथा वाचून घेतात, की सगळं इंग्रजी पुस्तकांवरच चालतं?
- धर्म हा विषय म्हणून शिकवतात, की कुणाच्या बाजूनं?
- एकाच देशावर भर आहे, की इराण, तुर्कस्तान, इस्रायलही येतात?
- परदेशात सत्र असेल तर खर्च कुणाचा आणि सुरक्षेची जबाबदारी कुणाची?

माहितीपत्रकात याची उत्तरं बहुधा नसतात. विभागात फोन करून किंवा तिथं शिकणाऱ्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना गाठून ती मिळवावी लागतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल, तर बाकीचे प्रश्न विचारण्याआधी दुसरं विद्यापीठ पाहावं.